चार घेतं, तीन देतं

॥ जय सेवालाल ॥

मोहातांडा, ता. महागाव
१२ नोव्हेंबर २००७

ती. शामभियास,
बबिताचा सा. न. वि. वि.

इथवरचं मराठीच्या पुस्तकातलं आहे. इथून खाली बा सांगतात ते. बा बाजेवर बसलेत, अर्धं गोरबोलीत आणि अर्धं वऱ्हाडीत सांगतात, मी त्याला शाळेच्या मराठीचे टाके घालते. 'याडी'ची मात्र 'आई' करत नाही, ती याडीच राहू दे. कुठे शिवण उसवली तर समजून घे.

घरी सगळे खुशाल. कापूस घरात आला आणि आपण घराबाहेर आलो. मोठी खोली आढ्यापर्यंत भरली आहे. बा, याडी आणि मी ओसरीत झोपतो आणि रात्रभर अंग खाजवतो. खरेदी केंद्र उघडायची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली. भाव वर गेल्याशिवाय बोंडसुद्धा विकणार नाही, असं बा म्हणतात. उंदरांनी मात्र भावाची वाट न पाहता उचल सुरू केली आहे, हे याडीचं म्हणणं.

लाईट दिवसाचे चौदा तास नसते. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री एकला येते, आणि बा विहिरीपाशी पोचेपर्यंत जाते. तू त्या डोंगराखालच्या वीजघरात ऑपरेटर म्हणून लागलास तेव्हापासून बांनी तांड्याचे नाईक या नात्याने सांगून ठेवलंय की राज्याची वीज आता नाईकाच्या पोराच्या हाती आहे. त्याचा परिणाम असा की लाईट गेली की हंसाबाई पिठाचे हात घेऊन आपल्या दारात उभी राहते आणि बांना म्हणते की पोराला सांगा, बटण दाब.

तर बांचा हुकूम आहे की जमिनीखाली वीज कशी करतात ते तू सविस्तर लिहावंस. पत्र नेहमीप्रमाणे लिंबाखालच्या पारावर सगळ्यांसमोर वाचलं जाईल. फोन नको. लाईटीबरोबर टॉवरही झोपतो, आणि फोनवरचं बोलणं पारावर वाचून दाखवता येत नाही.

लोभ असू दे, आणि जमलं तर थोडी लाईटही.

तुझी बहीण,
बबिता


वीजघर वसाहत, सह्याद्री घाट
२७ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप बा यांच्या चरणी,
शामचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. इथे थंडी फार आहे, पण कामाच्या जागी थंडी लागत नाही, कारण ती जागा डोंगराच्या पोटात आहे. आम्ही सकाळी जीपमध्ये बसतो आणि बोगद्यातून सरळ आत जातो. एक किलोमीटर गेल्यावर कातळ कोरून केलेला हॉल लागतो. आपली शाळा, समाजमंदिर आणि पाण्याची टाकी त्यात ओळीने मांडली तरी हिंडायला जागा उरेल.

डोंगराच्या माथ्यावर एक तळं आहे आणि पायथ्याशी दुसरं. दोहोंमध्ये चारशे मीटरची उतरण. वरच्या तळ्याचं पाणी कातळातल्या लोखंडी नळातून खाली येतं आणि आमच्या हॉलमधल्या चाकावर आदळतं. चाक फिरलं की त्याच्या दांड्यावर बसवलेलं जनित्र फिरतं, वीज तयार होते आणि केबलने डोंगराबाहेर जाते. पाणी खालच्या तळ्यात. हे संध्याकाळी, सगळीकडे दिवे लागतात तेव्हा.

रात्री तेच चाक उलटं फिरवून खालचं पाणी पुन्हा वर चढवतात. विहिरीवर नळाच्या बुडाची झडप, म्हणजे आपला फुटबॉल, खराब असला आणि लाईट गेली की नळातलं पाणी परत पडून मोटरीचा पंखा उलटा फिरतो, हे आपण पाहिलेलंच आहे. आपल्याकडे तो बिघाड. इथे तेच काम आहे, आणि त्याचा पगार मिळतो.

जमिनीखाली म्हटल्यावर हंसाबाईंना कोळसा वाटेल, त्यांना सांगावं की इथे वणीसारखी खाण नाही. चाक खाली ठेवण्याचं कारण वेगळं आहे. पाणी चढवायच्या वेळी ते खालच्या तळ्याच्याही खाली असावं लागतं, म्हणजे त्याच्या तोंडाशी पाणी दाबून उभं राहतं. वर ठेवलं तर ते हवा गिळतं आणि त्याची पाती खराब होतात.

बटण मी दाबतो, हे खरं आहे.

याडीला नमस्कार, बबिताला आशीर्वाद. आपल्या मायेची सावली डोंगराखालीही पोचावी.

आपला आज्ञाधारक,
शाम


मोहातांडा
१५ डिसेंबर २००७

ती. शामभियास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं गेलं. मी वाचलं, साठ-सत्तर माणसांनी ऐकलं. बटणाची ओळ आली तेव्हा बांनी मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. "बटण मी दाबतो." मग त्यांनी पारावर बसलेल्यांकडे असं पाहिलं की डोंगर त्यांनीच कोरला असावा.

दुसऱ्या दिवसापासून अर्ज येऊ लागले. रुपीबाईला गुरुवारी दिवसा लाईट हवी, मिरचीला पाणी द्यायला. अर्जावर तिचा अंगठा आहे, सोबत जोडला आहे. आणखी अकरा अर्ज बांनी डब्यात ठेवलेत, त्यांना वजन पडू दे म्हणतात. तुझ्या पाळ्यांची यादी ताबडतोब पाठवावी असाही हुकूम आहे, म्हणजे तांडा त्याप्रमाणे ओलित करील. गेल्या मंगळवारी योगायोगाने लाईट सलग चार तास राहिली. ती तुझ्या नावावर जमा झाली आणि हंसाबाईने डीपीपुढे नारळ फोडला.

बांचं सांगून झालं. ते आता वावरात गेलेत. इथून पुढचं माझं.

पुसदकडचे बाबुलाल आले होते. तेच, गावोगाव फिरून घरातला कापूस उचलणारे. त्यांचा मुलगा घनश्याम दहावीला दोनदा बसला आणि सध्या मोटारसायकलवर बसतो. त्याच्यासाठी ते मला मागताहेत. हुंडा नको म्हणतात. फक्त मेहुण्याने, म्हणजे तू, घनश्यामला डोंगरात चिकटवावं आणि त्यांच्या गावची लाईट जरा नीट करावी. बा 'पाहतो' म्हणाले. बांचं 'पाहतो' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

भिया, मी बारावी सायन्सला आहे. मला यवतमाळला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आहे. हे मी घरात बोलले तर बा हसतात आणि याडी गप्प बसते. तुझं पत्र मात्र पारावर वाचलं जातं. तू बांना एक ओळ लिही. एकच.

बहिणीवरचा लोभ शाईत उतरू दे.

बबिता


वीजघर वसाहत
५ जानेवारी २००८

चि. बबितास,
शामचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर, मारोतराव गुरुजींच्या नावे पाठवतोय. पारावर नेऊ नकोस.

रुपीबाईचा अर्ज मिळाला. इथे तो कुणाला द्यायचा ते कळेना, म्हणून उशीखाली ठेवलाय. पाळ्यांची यादी पाठवता येत नाही. तशी इथून निघालेली वीज मोहातांड्याला जाते का, हेही मला सांगता येत नाही. ती सगळ्यांच्या विजेत मिसळते. नदीत ओतलेली घागर पुढच्या गावाने ओळखून काढावी, तसं ते आहे.

तू फिजिक्सची विद्यार्थिनी, म्हणून तुला खरं सांगतो. बांच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. आमचं वीजघर वीज तयार करतं त्यापेक्षा जास्त खातं. पाणी वर चढवायला चार युनिट लागले तर तेच पाणी खाली सोडून तीन मिळतात. एक घर्षणात, गरम होण्यात, नळाच्या भिंती घासण्यात जातो. तरी चालवतात, कारण मोठ्या औष्णिक केंद्रांच्या भट्ट्या रात्री विझवता येत नाहीत. विझवल्या तर पुन्हा पेटायला फार वेळ घेतात. रात्री कारखाने झोपतात आणि वीज शिल्लक राहते. विजेचं पोतं भरून ठेवता येत नाही, म्हणून तिच्याकडून पाणी वाहून घेतात. संध्याकाळी सगळ्यांना एकदम वीज हवी असते, तेव्हा ते पाणी सोडलं की दोन-तीन मिनिटांत वीज हजर. रात्रीचे चार नकोसे युनिट देऊन संध्याकाळचे तीन हवेसे घ्यायचे, एवढाच सगळा खटाटोप आहे.

हे बांना कळलं तर त्यांची मान खाली जाईल. तू शहाणी आहेस.

बाबुलालच्या विषयाचं मी नक्की लिहिणार होतो, पण आता भोंगा वाजतोय. अभ्यास कर. घनश्याम स्वभावाने वाईट नसेल.

तुझ्यावर माया आहेच, कमी-जास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने घे.

शाम


मोहातांडा
२२ जानेवारी २००८

ती. शामभियास,
सा. न. वि. वि.

भोंगा फार वेळेवर वाजला.

मी तुझं पत्र पारावर वाचलं. चुकून नाही, ठरवून वाचलं. बांच्या मानेची आणि घनश्यामच्या स्वभावाची ओळ गाळली, वीजघराचं सगळं वाचलं. त्या दिवशी बाबुलाल बांच्या शेजारी बसले होते. माझा हिशोब सरळ होता. मेहुण्याचा कारखाना तोट्यात आहे असं कळलं की व्यापारी माणूस उठून जाईल. बांची मान खाली जाईल हेही मला ठाऊक होतं, आणि तरी वाचलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, हे तुला स्पष्ट सांगते.

'चार घेतं, तीन देतं' इथपर्यंत मी वाचलं. बा चिलीम शोधू लागले, ती त्यांच्या हातातच होती. हंसाबाईने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "म्हंजे आपली लाईट तोच पिऊन राह्यला का?"

आणि मग बाबुलाल उभे राहिले. भिया, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सांगितलं की तीस वर्षं ते हेच करताहेत आणि लोक त्यांना चोर म्हणतात. माल कुणाला नको असतो तेव्हा उचलायचा, गोदामात चढवून ठेवायचा, सगळ्यांना एकदम हवा झाला की सोडायचा. पोत्यामागे थोडा माल उंदीर खातात, थोडा ओल खाते, तो घर्षणाचा युनिट. सरकारने डोंगर कोरून शेवटी बाबुलालचीच पद्धत धरली, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी तिथल्या तिथे सोयरीक पुढे रेटली. अक्षय तृतीयेला गूळ वाटायचं ठरलं. आपल्यात गूळ खाल्ला की शब्द फिरत नाही, आणि नाईकाच्या घरचा तर नाहीच.

बांची मान पुन्हा वर आली. माझी गेली.

आता एक विचारते, ते फिजिक्सच्या पुस्तकात नाही. रात्री वीज शिल्लक राहते असं तू लिहितोस. त्याच रात्री बा हरभऱ्याच्या वावरात कंदील घेऊन लाईटीची वाट पाहत बसलेले असतात. मग ती शिल्लक कुणाची?

उत्तराच्या आशेने, आणि बहीण म्हणून अजून हक्क आहे असं धरून,
बबिता


वीजघर वसाहत
१० फेब्रुवारी २००८

चि. बबितास,
आशीर्वाद.

तू केलंस ते बरं केलं नाहीस. खाजगी पत्र चावडीवर वाचणारी बहीण मला मिळाली याचा आनंद मानावा की काय, कळत नाही. दोन दिवस मला राग होता. तिसऱ्या दिवशी रात्रपाळी होती.

तुझा प्रश्न मी आमच्या मोठ्या साहेबांना विचारला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की जी वीज कुणाला द्यायची नाही असं आधीच ठरलेलं असतं, तिला शिल्लक म्हणतात. मग ते हसले आणि मीही हसलो. ते साहेब आहेत.

आणखी एक कबूल करतो. बटण मी दाबतो, पण कधी दाबायचं ते मी ठरवत नाही. टेबलावर एक फोन आहे. त्यावर शहरातल्या भार नियंत्रण केंद्रातून हुकूम येतो. तिकडून एक मॅडम सांगतात, "युनिट एक, पंप." म्हणजे पहिल्या चाकाने पाणी चढवायचं. मी म्हणतो, हो मॅडम. मग चाकाच्या घरात दाबाने हवा भरून पाणी खाली ढकलायचं, म्हणजे चाक कोरडं आणि हलकं फिरू लागतं. पुरता वेग आला की हवा सोडायची, पाण्याला आत घ्यायचं, मोठी झडप उघडायची, आणि पाणी डोंगर चढू लागतं. पायाखालची फरशी थरथरते. संध्याकाळी पुन्हा फोन, पुन्हा हो मॅडम, आणि तेच पाणी खाली. पाण्याला कुणी विचारत नाही, आणि मलाही.

बांसमोरही माझं आयुष्यभर तेच झालं. आयटीआयला जा म्हणाले, हो. इकडे अर्ज कर म्हणाले, हो. मला त्यांना वेगळं काही लिहिता येत नाही, बबिता. तीनदा कागद घेतला. तीनदा हवामानाचं लिहून फाडला.

रागावू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

शाम


मोहातांडा
३० मार्च २००८

ती. शामभियास,
सा. न. वि. वि.

आधी बांचा मजकूर. अक्षय तृतीयेची रजा काढ. येताना साहेबांकडून घनश्यामच्या नोकरीचं कागदावर काहीतरी घेऊन ये, शिक्का असला तर उत्तम. तुझ्या वीजघराबद्दल तांड्यात आता पुन्हा चांगलं बोललं जातं. संपला.

आता माझं. परीक्षा झाली. फिजिक्सच्या पेपरात जनित्राचं चित्र आलं होतं, ते मी हाताच्या रेषेसारखं काढलं.

कापूस अजून घरातच आहे. अवकाळी पावसाने एका कोपऱ्याला ओल लागली आणि भाव बसला तो उठेना. बाबुलाल म्हणाले की आता आपण सोयरे, मी उचलतो, माझ्या भावाने. बा तयार होते. याडी पहिल्यांदाच मध्ये पडली. तिचा आजा लदेणीवर बैल घेऊन फिरायचा, मीठ आणि धान्य वाहायचा. बाजारात सगळे जण पोती सोडत असले की तो आपलं पोतं सोडायचा नाही, बैलांना पाणी दाखवून पुढच्या बाजाराला निघायचा. एवढं सांगून ती भाकरी थापायला बसली. बांनी कापूस दिला नाही. का दिला नाही ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

मी याडीला विचारलं की कापसासाठी बोललीस, माझ्यासाठी कधी बोलशील. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

भिया, भांडण करायला मी तुला सांगत नाही. मोठी झडप उघडू नकोस. फक्त एक ओळ. तू डोंगराच्या पोटात एवढं मोठं चाक उलटं फिरवतोस आणि बांपुढे एक वाक्य फिरवता येत नाही, हे मला हसायला येतं, आणि मग रडायलाही येतं. महिना राहिला आहे.

लोभ आहेच. त्याचा उपयोग कर.

बबिता


वीजघर वसाहत
२६ एप्रिल २००८

तीर्थरूप बा यांच्या चरणी,
शामचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या कृपेने खुशाल आहे. रजा मिळत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. युनिट दोनची वार्षिक दुरुस्ती निघाली आहे. चाक उघडलं आहे, पात्यांवर वाटाण्याएवढे खड्डे पडलेत, ते वेल्डिंगने भरून घासतात. मुख्य झडपेचं रबरही बदलायचं आहे. घाटात करवंदं पिकायला लागलीत. घनश्यामच्या नोकरीचं माझ्या हाती काही नाही, शिक्का तर अजिबात नाही. माझ्या हाती फक्त बटण आहे आणि तेही फोन आल्यावर. बबिताला यवतमाळला डिप्लोमाला पाठवावं, तिला या यंत्रातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. हवामान ढगाळ आहे. दुपारी वारा सुटतो.

याडीला नमस्कार. पत्रात काही आगाऊपणा झाला असल्यास मुलगा समजून पदरात घ्यावं.

आपला,
शाम


मोहातांडा
९ मे २००८

ती. शामभियास,
शि. सा. न. वि. वि.

आज 'शि.' मुद्दाम लावला आहे.

तुझं पत्र अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आलं. पारावर बाबुलालकडची वीस माणसं आधीच उतरली होती. मी वाचायला बसले नाही, मारोतराव गुरुजींच्या हाती दिलं. ते खड्डे, रबर, करवंदं असं एका सुरात वाचत गेले आणि त्या ओळीवर अडखळले. मग मागे जाऊन त्यांनी ती पुन्हा वाचली, म्हणजे ती दोनदा ऐकली गेली. बा म्हणाले की पोरगा भुयारात जाऊन बिघडला. पण आवाजात जोर नव्हता. तू आजवर कधी 'नाही' लिहिलं नव्हतंस.

दुसऱ्या दिवशी सगळे बसले. परातीत गूळ फोडून ठेवला. बायका तिथे बोलत नाहीत, तुला माहीत आहे. याडी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो ठेवला, आणि गेली नाही. पदर सारखा करून तिने बाबुलालना विचारलं की भाव पडलेला असताना तुम्ही तुमचा माल काढता का. बाबुलाल खुशीत हसले आणि म्हणाले की आयुष्यात कधी नाही, आपण थांबतो.

तेव्हा याडी म्हणाली, "मंग आमी काहून काढावं? आज बारावी हाये. तीन वर्सानं इंजिनेर होईन. आमी बी थांबतो."

पारावर असा हशा उठला की लिंबावरचे कावळे उडाले. बाबुलालना 'नाही' म्हणता येईना, त्यांचाच धर्म त्यांना वाचून दाखवला होता. उलट त्यांना ती गोष्ट पटली. इंजिनियर सून आली तर गोदामात जनरेटर टाकता येईल, असं ते शेजाऱ्याला म्हणाले. तेही थांबायला तयार झाले. बांनी मान हलवली, कारण मुलीचा भाव चढणार हे ऐकायला त्यांनाही गोड लागलं. परातीतला गूळ पोरांनी खाल्ला, तो धरत नाहीत.

तर मी यवतमाळला जाणार, आणि मी दिवसभर रडले. मला शिकायला पाठवताहेत ते मला शिकायचंय म्हणून नाही. घरात एक कापूस आढ्यापर्यंत भरलेला आहेच, आता दुसरा हॉस्टेलवर ठेवणार. संध्याकाळी विहिरीवर मी याडीशी भांडले, तू मला पोतं केलंस म्हणाले. तिने घागर डोक्यावर घेतली, चुंबळ सारखी केली आणि म्हणाली, "त्याईले जे समजते तेच मी बोलली. तुले वर चढवाचं काम माह्यं होतं, ते झालं. खाली कवा याचं, का याचंच नाही, ते आता तू पाह्य."

भिया, ही बाई इतकी वर्षं भाकरी उलटत गप्प बसली होती.

तुझ्या ओळीबद्दल काय लिहू. ती मी कापून वहीत ठेवली आहे. बांना वाटतं उंदराने खाल्ली.

तुझी,
बबिता


मुलींचं वसतिगृह, यवतमाळ
२० जुलै २००८

॥ जय सेवालाल ॥

तीर्थरूप बा आणि याडी यांच्या चरणी,
बबिताचा शि. सा. न. वि. वि.

मी पोचले. एसटीत जागा मिळाली. खोलीत आम्ही चौघी आहोत. वर्गात साठ मुलं आणि तीन मुली, त्यामुळे सरांना आमची नावं पहिल्याच दिवशी पाठ झाली. इथे लाईट दोनच तास जाते. गेली की इथल्या मुली कुरकुरतात, आणि मला हसू येतं. वर्कशॉपमध्ये मोटर उघडायला दिली होती. मी तिचे बोल्ट काढले तेव्हा मागची मुलं पुढे येऊन बघू लागली. जेवणाला तिखट कमी असतं, याडीने मिरचीचा ठेचा पाठवावा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घरी येईन.

मारोतराव गुरुजी, इथून पुढे जरा सावकाश आणि मोठ्याने वाचावं, ही विनंती. हंसाबाई मागे बसते आणि तिला कमी ऐकू येतं. बाबुलालकाका बसले असतील तर बरंच, नसतील तर त्यांना निरोप जावा.

बा, तुम्ही मला तीन वर्षांसाठी वर ठेवलं आहे. भाव आला की सोडायचं, असं तुमचं आणि बाबुलालकाकांचं ठरलं आहे. शामभियाच्या तळ्यातलं पाणी तसं ऐकतं. त्याला फोनही कळत नाही आणि भावही. मला दोन्ही कळतात. मी डिप्लोमा पुरा करीन, नंतर जमलं तर पुढेही शिकेन. लग्न करीन तेव्हा माणूस पाहून करीन आणि आधी तुम्हाला सांगीन. पण कुणाचा थांबवून ठेवलेला माल म्हणून मी खाली येणार नाही. घनश्यामने माझ्यासाठी थांबू नये. तो वाईट नाही, त्याला उगाच कशाला गोदामात ठेवायचं? त्याने दुसरी मुलगी पाहावी, आणि तिलाही आधी विचारावं.

हे मी घरातही सांगू शकले असते. तुम्ही हसून वावरात गेला असता. पारावर तांड्यासमोर पत्र चालू असताना नाईकाला उठता येत नाही, म्हणून इथे सांगते. तुमची मान खाली जावी असं मला वाटत नाही. मी एकदा ते केलं आणि मला फार वाईट वाटलं. या वेळी ती खाली घालायचं कारणही नाही. तांड्यातली पहिली मुलगी नाईकाच्या घरातून शिकायला गेली, एवढं तुम्ही आत्ता मान वर करून म्हणू शकता. सगळे ऐकताहेत. तुम्हाला बोलायला वेळ मिळावा म्हणून गुरुजींनी इथे थोडं थांबावं.

थांबल्याबद्दल गुरुजींचे आभार. बा काय म्हणाले, किंवा काहीच म्हणाले नाहीत, ते त्यांनी मला उलट टपाली कळवावं, आणि त्यात आपल्या पदरचं काही घालू नये.

लोभ ठेवायचा की आखडायचा, ते तुमच्या हाती. माझा आहे तेवढाच राहील.

आपली मुलगी,
बबिता देवीलाल राठोड
प्रथम वर्ष, विद्युत